बरीच वर्षं उभी असलेली पद्मिनी परत चालू करायची असेल तर: आधी ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी

वाड्याच्या पडवीत, शेडमध्ये किंवा सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून दहा-पंधरा वर्षं उभी असलेली फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, परत रस्त्यावर आणायची असं घरात ठरलं की सगळे पहिल्यांदा करतात काय, तर नवी बॅटरी आणतात, बाटलीभर पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. कृपा करून हे करू नका. चांगली दुरुस्त होण्यासारखी इंजिनं ह्या पहिल्या पाच मिनिटांतच खराब होतात, कारण सुकलेल्या सिलिंडरमध्ये गंजलेल्या रिंगा घासतात, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो आणि टाकीतला सगळा गाळ कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो. आणि समजा नशिबाने गाडी चालू झालीच तर लगेच कोणीतरी गिअर टाकतं, आणि तेव्हा कळतं की ब्रेकच नाहीत.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे आणि जो विचारेल त्याला मी हाच सांगतो. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि टायर, मग पेट्रोलची लाईन, मग पाणी आणि करंट, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन चालू करणं हे ह्या सगळ्यात सोपं काम आहे, त्याची घाई नको.

मी इथे प्रीमियर पद्मिनी धरूनच लिहितोय कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हीच दिसते आणि ही गाडी आपलीच आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी नाव लागलं आणि २००० च्या आसपास उत्पादन बंद झालं. मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पार्ट आणि मिस्त्री गल्लोगल्ली होते, आता शोधावे लागतात, पण मिळतात, ते पुढे येईलच. खाली जे सांगतोय ते १०८९ सीसीच्या पेट्रोल गाडीचं आहे, डिझेलवाल्या १३७ डी चं प्रकरण वेगळं.

कागदांपासून सुरू करा, कारण इथेच अडकलं तर बाकीचा खर्च करायचा की नाही हे ठरतं. आरसी बुक शोधा, नसेल तर जुनी विम्याची पावती, टॅक्सची पावती, जे काही नंबर आणि मालकाचं नाव दाखवेल ते. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षं चालतं आणि नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी फॉर्म २५. गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते आता नसतील तर आधी वारस म्हणून नावावर करून घ्यायची, त्याचा फॉर्म ३१, आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत लेखी घ्या, भाऊ-बहिणी कितीही प्रेमाच्या असल्या तरी. १९८९ च्या आधीचे एमएच नसलेले नंबर कधीकधी ऑनलाइन सापडतच नाहीत, तेव्हा आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद कॉम्प्युटरवर, करून घ्यावी लागते आणि तिथे चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागतात. त्यामुळे चेसिस आणि इंजिन नंबर आताच पुसून, वाचून, फोटो काढून ठेवा. नंबर आरसीशी जुळत नसेल, म्हणजे मधे कोणी इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. ह्याशिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) आहेच, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांची रिन्यूअलची फी आता बरीच वाढली आहे, ती आधी साइटवर बघून घ्या.

५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. सुरुवातीच्या पद्मिनीसुद्धा आता ह्या वयात आल्यात. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रविवारी घरच्यांना घेऊन वाईला किंवा अलिबागला जायचं असेल तर साधं रिन्यूअलच करा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडीकडे. ती जिथे उभी आहे तिथून हलवायच्या आधी एक पूर्ण दिवस फक्त बघण्यात घालवा. हातमोजे घाला आणि काठी जवळ ठेवा, हे खरंच सांगतोय, बंद गाडीत साप, विंचू, गांधीलमाशीचं पोळं काहीही असू शकतं. एअर फिल्टरचा डबा उघडा, उंदीर तिथे हमखास घर करतात, कापूस आणि कागदाचे तुकडे पार कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत असतात. सायलेन्सरच्या नळीत टॉर्च मारा. सीटखाली आणि डॅशबोर्डच्या मागे वायरी कुरतडल्यात का बघा. दरवाज्याच्या आतल्या पॅनलचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला असतो, तो फेकूनच द्यायचा.

पत्र्याचं खरं रूप मात्र वरून दिसत नाही. सगळी मॅट काढा, खालचं रबर किंवा नमदा काढा आणि पेचकसाच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा आहे, फदफद आला तर गंज आहे. मग टोकाने टोचून बघा. ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, डिकीत स्टेपनीच्या जागी, दरवाज्यांच्या खालच्या कडा, आणि दोन्ही बाजूंच्या सिल, म्हणजे दरवाज्याखालची ती लांब पेटी, ह्या जागा आधी जातात. कोकणातली गाडी असेल किंवा मातीच्या जमिनीवर उभी असेल तर खालून जास्त सडलेली असते कारण ओल जमिनीतून वर येते, आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री असेल तर ती ओल बाहेरच जात नाही. ताडपत्रीखालची गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा वाईट निघते हे मी अनेकदा बघितलंय.

सिल आणि लीफ स्प्रिंग जिथे बॉडीला जोडल्यात ती जागा सडली असेल तर बाकी काहीही करायच्या आधी ते काम डेंटरकडे. कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, वरून पुट्टी भरून रंग मारायचा नाही. कोणी पुट्टीने होईल म्हणाला तर दुसरा डेंटर शोधा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढून लांब ठेवायची, पद्मिनीची टाकी मागे डिकीतच असते, आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

गाडी उचलताना तिच्यासोबतचा जुना जॅक वापरू नका, तो बॉडीच्या कडेला टेकतो आणि सडकी कड आत जाते. ट्रॉली जॅक घ्या, पुढे क्रॉस मेंबरखाली आणि मागे ॲक्सलच्या हाउसिंगखाली मधे लाकडाचा ठोकळा ठेवून उचला आणि जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका. विटा, दगड, स्टेपनी ह्यांच्यावर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आता ब्रेक, आणि इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक लोक इथेच पैसे वाचवायला बघतात.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि जुन्या गाड्यांत हायड्रॉलिकचं सर्किट एकच, म्हणजे एका चाकाचं वॉशर गेलं किंवा एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम शून्य. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत असतं, त्यामुळे इतकी वर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकातले व्हील सिलिंडर आतून गंजतात, रबरं कडक होतात आणि होज बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून फुगून बंद झालेला असतो. पेडल दाबल्यावर कडक लागलं म्हणून ब्रेक चांगले असं समजू नका, बऱ्याचदा ते सगळं जाम झाल्यामुळे कडक लागतं.

हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर, ड्रमला चिकटलेले असतात. ओढगाडी लावून किंवा ट्रॅक्टरने टोचन करून खेचू नका, लायनर शूवरून उखडतं किंवा ड्रमच तडकतो. चाक उचला, काढा, ॲडजस्टर मागे घ्या, ड्रमच्या कडेला नाही तर मधल्या भागाला लाकडी हातोड्याने गोल फिरवत हलके ठोके द्या, गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, परत ठोका. येतो, वेळ लागतो पण येतो. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका आणि कंप्रेसरची हवा तर अजिबात मारू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जातं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

मग सगळं उघडा. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज. नवे मिळत असतील तर नवेच टाका. सिलिंडरच्या आत नखाला लागेल असा खड्डा असेल तर नुसतं वॉशर किट टाकून उपयोग नाही, महिनाभरात परत गळतो, त्याला आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, मारून घ्यायची किंवा बदलायचा. लोखंडी पाइप खालून गंजलेले असतात तेही बदला, पण साधी तांब्याची नळी लावू नका, मऊ असते म्हणून मिस्त्रीला वाकवायला सोपी जाते खरी पण हादऱ्यांनी कडक होते आणि एके दिवशी तडकते. ब्रेकची म्हणून मिळते तीच स्टीलची किंवा तांबं-निकेलची नळी घ्या. लायनर नवीन, स्प्रिंगा नवीन, ड्रमला कडा पडल्या असतील तर लेथवर फिरवून घ्या.

नवीन डॉट ३ ब्रेक ऑइल, सीलबंद डब्यातलं, अर्धा उघडा पडलेला डबा नको. ब्रेकच्या लाइनमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी ड्रायव्हरकडचं पुढचं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सुटतो, पाण्याची बादली जवळ ठेवा. सगळं झाल्यावर घरातल्या कोणालातरी दोन मिनिटं पेडल जोरात दाबून धरायला सांगा, पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

टायरचा नक्षा बघू नका, वय बघा. बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, १४०९ म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर जिन्यावर कुंडी करायला ठेवा, गाडीला नको. पद्मिनीचा मूळ साइझ ५.२०-१४, ट्यूबवाला. रेडियल टाकायचे तर चारही रेडियल टाका, दोन साधे दोन रेडियल असं करू नका, वळणावर गाडी भलतीच वागते. ट्यूब आणि स्टेपनी पण नवीन. चाकं बाहेर आहेतच तर बेअरिंग धुवून नवीन ग्रीस भरा, आणि पुढच्या सस्पेन्शनचे सगळे ग्रीस निपल शोधून जुनं वाळलेलं ग्रीस बाहेर पडेपर्यंत गन मारा. निपल बंद असेल तर बदला, दोन रुपयाच्या निपलपायी पिन जाते.

आता पेट्रोल. टाकीचं झाकण उघडल्यावर जो वास येतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, तो सडलेल्या पेट्रोलचा. ते वापरायचं नाही, नव्यात मिसळून सुद्धा नाही. टाकी उतरवा, रिकामी करा, आतून गंज असेल तर थोडे नट-बोल्ट किंवा खडी टाकून साबणाच्या पाण्यासोबत हलवून धुवा, पूर्ण वाळवा, फ्लोट चालतो का बघा. टाकीला भोक असेल तर स्वतः किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे वेल्ड करू नका, रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडेच द्या, तो आधी ती पाण्याने आणि वाफेने धुतो.

टाकीपासून पंपापर्यंतची नळी दोन्हीकडून सोडवून हवा मारा. रबरी पाइप सगळे बदला, एकही जुना ठेवायचा नाही, इंजिनवर गळणारा एक थेंब गाडी जाळायला पुरतो. पाइप घेताना इथेनॉल चालणारे मागा. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ह्या गाड्यांचं जुनं रबर, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचा जस्ताचा धातू त्यासाठी बनलेला नाही. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी तळाला बसतं आणि तिथे पांढरी पूड धरते. त्यामुळे गाडी चालू झाल्यावरही टाकी काठोकाठ भरून महिनोन्महिने उभी करू नका, लागेल तेवढंच भरा आणि संपवा.

पेट्रोल पंपाचं, म्हणजे इंजिनवरच्या त्या मेकॅनिकल पंपाचं, डायफ्राम किट टाका. हा पडदा फाटलेला असेल तर पेट्रोल खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात, बाहेरून काहीच दिसत नाही. कार्बोरेटर सोलेक्सचा, साधा आहे, उघडायला घाबरू नका, पण उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा. जेट काढून क्लीनरमध्ये बुडवा आणि हवेने साफ करा, तारेने किंवा सुईने टोचायचं नाही, भोक मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार. निडल व्हॉल्व्ह आणि सगळी पॅकिंग नवी.

पाण्याकडे लोक लक्ष देत नाहीत पण पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि इतकी वर्षं बोअरचं खारं पाणी आत राहिलेलं असेल तर हेडची पाण्याची भोकं खाल्ली गेलेली असू शकतात. रेडिएटर काढून खालून वर असं उलटं पाणी मारून धुवा, इंजिनची खालची पाण्याची तोटी उघडा, तिथून पाणी आलं नाही तर आत गाळ आहे, तारेने मोकळी करा. होज, क्लिपा, फॅन बेल्ट नवीन. वॉटर पंप हाताने फिरवून आवाज ऐका. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. ब्लॉकच्या बाजूला जे गोल पत्र्याचे वेल्श प्लग असतात त्यांच्याभोवती ओल दिसते का हे दोन दिवस बघत राहा.

करंटचं काम सुरू करताना एक साधी युक्ती सांगतो, ह्याने वायरिंग जळायची वाचते. नवी १२ व्होल्टची बॅटरी लावा, पण निगेटिव्ह केबल थेट न जोडता बॅटरीचा निगेटिव्ह आणि केबल ह्यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. गाडीतलं सगळं बंद, दरवाजे बंद. बल्ब जोरात पेटला म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, तेव्हा फ्यूज एकेक काढत जा, ज्याला बल्ब विझतो त्या लाइनमध्ये उंदराने वायर खाल्लेली आहे. बल्ब विझलेला राहिला तरच केबल थेट जोडा. इंजिन ते बॉडी अशी जी अर्थची पट्टी असते ती काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, अर्ध्या तक्रारी, म्हणजे लाइट मंद, सेल्फ हळू, हॉर्न अधूनमधून, ह्या तिथेच संपतात.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा, पॉइंटवर काळपट थर बसलेला असणार, बारीक पॉलिश पेपरने साफ करा किंवा सरळ नवीन टाका, गॅप साधारण ०.४५ मिलिमीटर. कंडेन्सर नवीन घ्या पण जुना चालणारा असेल तर फेकू नका, आजकाल मिळणारे नवीन कंडेन्सर लवकर जातात. रोटर, झाकणाला बारीक तडा आहे का, प्लगच्या वायरी हेही बघा. प्लगचा गॅप ०.६ च्या आसपास. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, वायरी काढायच्या आधी त्यांना नंबरची चिकटपट्टी लावा.

आणि आता इंजिन. चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा. फार जाम वाटत असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, हे मिश्रण बारीक फटीत जास्त शिरतं, फक्त ॲसिटोन पेट घेतं हे लक्षात ठेवा. किमान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर राहू दे, रोज थोडं थोडं टाका. मग हाताने फिरवायचं, सेल्फने नाही. पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून, हँडल लागत असेल तर हँडलने, नाहीतर टॉप गिअर टाकून मागचं एक चाक उचलून ते चाक फिरवून. एकदम ताकद लावू नका, थोडं पुढे थोडं मागे असं डोलवत राहा. एक सेंटीमीटर जरी हललं तरी ते येणार आहे, परत ऑइल टाका, उद्या परत. आठवडाभर करूनही जागचं हललंच नाही तर तेव्हा हेड उघडायचं.

फिरायला लागल्यावर इंजिनच्या वरचं टॅपेट कव्हर उघडा आणि दुसऱ्या कोणाला इंजिन हळूहळू फिरवायला सांगून आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते डोळ्याने बघा. एखादा खाली जाऊन वर आला नाही तर थांबा, त्याच्या दांड्यावर ऑइल सोडून प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक करून मोकळा करा. हे न बघता सेल्फ मारला तर पुशरॉड वाकतो. टॅपेटचा गॅप पुस्तकात दिलाय तसा लावून घ्या.

जुनं ऑइल काढा. ताकासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी गेलंय, हेड पॅकिंग किंवा त्याहून मोठं काम आहे. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा. नुसतं काळं आणि घट्ट निघालं तर आनंद माना. शक्य असेल तर ऑइल चेंबर खाली उतरवून तळाचा गाळ धुवा आणि ऑइल पंपाची जाळी साफ करा, जाळी बंद असेल तर नव्या ऑइलचा काहीच उपयोग नाही. मग साधं २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल, महागडं सिंथेटिक नको, ह्या इंजिनाच्या जुन्या सीलमधून ते पाझरतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल पण आत्ताच बदला, आणि स्टीअरिंगवरच्या गिअरच्या दांड्यांना ग्रीस लावा, नाहीतर गिअर अडकला की लोक गिअरबॉक्स खराब म्हणून उघडतात.

प्लग अजून बाहेरच, कॉइलची वायर काढलेली, प्लगच्या भोकांवर जुनं फडकं टाकलेलं कारण ऑइल उडतं, अशा वेळी पहिल्यांदा सेल्फ मारा. दहा सेकंद, थांबा, परत दहा सेकंद. ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लग नसल्यामुळे इंजिनवर भार नसतो आणि ऑइल सगळीकडे पोचतं. दिवा विझला नाही तर पुढे जायचं नाही.

दिवा विझला की प्लग बसवा, वायर जोडा. गाडी मोकळ्या जागेत, हातात आग विझवायचा सिलिंडर, घरातली लहान मुलं लांब. चोक ओढा, सेल्फ मारा. पेट्रोल वर यायला वेळ लागतो, थोडा धीर धरा, कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतत सेल्फ मारू नका, भडका उठतो आणि चेहऱ्यावर येतो. चालू झाल्यावर पहिली दोन मिनिटं भरपूर धूर येणार, सिलिंडरमध्ये टाकलेलं ऑइल जळतंय. अर्ध्या तासाने सुद्धा निळा धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील, पांढरी वाफ राहिली आणि पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग. वीस मिनिटं थोड्या रेसवर चालवा, नजर लाल दिव्यावर आणि टेंपरेचरच्या काट्यावर. एक माणूस बाहेर उभा राहून फक्त गळती बघायला ठेवा.

बंद करा, गार होऊ द्या, पाणी-ऑइल परत बघा.

क्लच चिकटलेला असण्याची शक्यता बरीच असते, पेडल दाबूनही गिअर पडत नाही. त्यासाठी मागची दोन्ही चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे, टॉप गिअर टाकून ठेवून इंजिन चालू करा, गरम होऊ द्या, मग क्लच पूर्ण दाबून ब्रेकवर एकदम पाय द्या, परत परत. बहुतेक वेळा प्लेट सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवायचा, जबरदस्ती नको.

पहिली फेरी सोसायटीच्या आतच, पहिल्या गिअरमध्ये, चार वेळा ब्रेक मारून. मग गल्लीपर्यंत. परत आल्यावर चारही ड्रमना हात जवळ नेऊन बघा, एक जास्त तापलाय म्हणजे तिथे ब्रेक धरून राहतोय. कागद, विमा आणि पीयूसी होईपर्यंत मोठ्या रस्त्यावर नाही. ह्या गाड्या शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या, आणि ते पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झालं, त्यामुळे तासन्तास ऐंशी-नव्वदने हायवेवर पळवू नका, व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. पन्नास-साठने ही गाडी इतकी सुरेख चालते की घाई करावीशी वाटतच नाही.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, दिल्लीला कोणी जाणार असेल तर कश्मीरी गेट. ब्रेक, क्लच, पंप, पॉइंट असा चालणारा माल मिळतो. काचा, चांगलं ग्रिल, टेललॅम्प, दरवाज्याची हँडलं, मूळ मीटर हे मिळायला कठीण, त्यामुळे तुमच्या गाडीवरचं मूळ काहीही, मोडकं असलं तरी, रंगाऱ्याच्या दुकानात सोडून येऊ नका, काढून, लेबल लावून घरी डब्यात ठेवा. मिस्त्री शोधायचा तर टॅक्सीवर काम केलेला साठीच्या पुढचा माणूस शोधा आणि त्याच्याजवळ एखादा तरुण हात शिकायला बसवता आला तर बसवा, ही माणसं आहेत तोवरच हे ज्ञान आहे. त्यांना पैसे पूर्ण द्या, घासाघीस करू नका.

५०० किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर परत बदला, पहिलं ऑइल आतली सगळी घाण घेऊन बाहेर येतं. चाकांचे नट, लीफ स्प्रिंगचे यू-बोल्ट, होजच्या क्लिपा परत आवळा, टॅपेट परत बघा, ब्रेक परत ॲडजस्ट करा. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी किमान अर्धा तास चालवायची, जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करायची नाही, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही चार्ज होत नाही. पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना विटा लावा, एका कोपऱ्यातली काच बोटभर खाली ठेवा, टायरमध्ये दोन-तीन पाउंड हवा जास्त भरा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कार्बोरेटर रिकामा करा आणि वरून ताडपत्रीऐवजी सुती कव्हर घाला, शेडमध्ये असेल तरच, उघड्यावर असेल तर आधी शेड बांधा.